पार्किंगमधला कौल

१

आमची देवी पार्किंगमध्ये राहते.

सुकापूरच्या आमच्या जमिनीवर सात मजली इमारत उभी राहायची ठरली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, कृष्णाबाईंनी, बिल्डरला एकच अट घातली. "मावली हाय तिथंच ऱ्हाईल. बाकी तुमचा तुमी बगा." बिल्डरने बघितलं आणि नकाशा सरकवला. म्हणून आज तळमजल्यावर, तेरा नंबरचा खांब आणि मीटर रूम यांच्या मधोमध, कपाटाएवढं एक देऊळ आहे. आत शेंदूर थापलेली गुडघाभर शिळा. दारासमोर चौदा नंबरची पार्किंग. नवे भाडेकरू रिव्हर्स घेताना आधी हॉर्न देतात, मग नमस्कार करतात.

घरात काही मोठं ठरवायचं असलं की आम्ही देवीला कौल लावतो. जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून शिळेच्या दोन बाजूंना चिकटवायच्या. खाली दोन पितळी वाट्या ठेवायच्या. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. पडलेल्या पाकळीची वाटी बाहेर आणून सगळ्यांना दाखवायची. पाकळ्या लावायच्या घरातल्या सुनेने. देवळात एकच बाई मावते, त्यामुळे बाकीचे मागे बसतात आणि त्यांना माझ्या पाठीशिवाय काही दिसत नाही.

सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे अठरा वर्षं, ती सून मी, माधुरी.

मी पनवेलच्या एका कॉलेजात केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे. साधं पाणी अर्ध्या तासात सुकतं, ग्लिसरीन दिवसभर सुकत नाही, हे मला पगारी माहिती आहे. टाचांना लावायची छोटी बाटली माझ्याकडे कायम असतेच. बांगड्या कोपरापर्यंत सरकवायच्या, म्हणजे वाजत नाहीत. जी पाकळी पडायला नको तिच्याखाली करंगळीने एक थेंब. मनगट जरा आत वळवायचं, की मागच्यांना वाटतं बाई मनोभावे चिकटवतेय.

नवरा ग्रामपंचायतीला उभा राहिला नाही, दिराने कोन गावात ढाबा काढला नाही, लेकीने सायन्स घेतलं. या घराने जे केलं आणि जे केलं नाही ते माझ्या करंगळीने ठरवलंय. अपराधी वाटतं का? वाटतं. नवरात्रात, थोडं.

२

त्या रविवारी बोंबलाचं कालवण होतं. आमची दिपिका, वय बावीस, कॉम्प्युटर इंजिनिअर, भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आजी, हे जग खरं नसेल अशी शक्यता आहे."

"हां," सासूबाई म्हणाल्या. "कालवन वाड."

"सीरियसली. कोणीतरी एक प्रचंड मशीन चालू केलंय. आपण त्याच्या आत. तू, मी, हा बोंबील, सगळं नुसतं त्याच्यात चाललंय."

"ते त आमी कवापासना सांगतो. माया हाय सगली."

"माया नाही गं आजी, हे वेगळं आहे. याच्यामागे मॅथ्स आहे."

"तुजा मशीनवाला दिसतो कुनाला?"

"नाही."

"त्याला सगला कलतं?"

"म्हणजे, डेटा असणार त्याच्याकडे."

"त्याला काय मागितला त देतो?"

"मागायची सोयच नाहीये."

"मंग आमचा बरा हाय," सासूबाई म्हणाल्या आणि काटा बाजूला काढला. "त्याला निवद काय लागतो?"

दिपिका हसायला लागली. "वीज."

"लाइटबिल भरतो की."

माझा नवरा भरत जेवताना बोलत नाही, पण त्याने मान वर केली. "आणि त्या मशीनवाल्याला कोण चालवतो?"

"पप्पा, तोच तर पॉइंट आहे. तोही दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनमध्ये असू शकतो. त्याला माहीतच नसेल."

मी हसले. मनात म्हटलं, पोरी, एवढी लांब कशाला जातेस. या घराचं मशीन चालवणारी तुझ्या ताटात भात वाढतेय.

भात वाढून झाला आणि दिपिकाने मोबाईल पुढे केला. फिनलंडच्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं. दोन वर्षं, पुढे बहुतेक नोकरीही तिथेच. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

भरतने पत्र दोनदा वाचलं आणि आईकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "शुक्रवारी कौल लावू. मावली सांगल तसा."

दिपिकाने खांदे उडवले. "चालेल. रँडम तर रँडम."

मी ताटं उचलली. या घरात भरत बोलत नाही, सासूबाई माझ्याशी फक्त मासळीबद्दल बोलतात. मी काही गमतीचं बोलले तर ते गमतीचं आहे हे कळणारं घरात एकच माणूस आहे, आणि ते फिनलंडला चाललं होतं. बेसिनपाशी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. डावा.

३

मधल्या मंगळवारी एक किरकोळ कौल होता. भरतला सात सीटर गाडी घ्यायची होती, सेकंडहँड. आम्ही माणसं चार, त्यातल्या एकीला गाडी लागते. मी उजव्या पाकळीखाली ग्लिसरीन लावलं, डावीला साधं पाणी. आता डावी सुकून पडेल, विषय संपेल.

वीस मिनिटांनी उजवी पडली.

मी वाटीकडे बघत राहिले. मागून भरत म्हणाला, "काय झालं?" वाटी दाखवावी लागली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा देवीसमोर साष्टांग नमस्कार घातला. पाय चौदा नंबरच्या पार्किंगमध्ये गेले.

सगळे वर गेल्यावर मी शिळा पुसायला घेतली. उजवी बाजू ठणठणीत कोरडी. डावी बाजू, जिथे मी फक्त पाणी लावलं होतं, तिथे बोट सरकत होतं. मी दोन बोटं घासून बघितली. चिकट, गार, वास नाही. लॅबमध्ये अठरा वर्षं काढली आहेत, मला ग्लिसरीन कळतं.

बाजू चुकली असणार. चाळिशीनंतर बाईने बरंच काही चष्म्यावर ढकलावं, ते बरं असतं. मी पण ढकललं. फक्त एक होतं. डाग चांगला अंगठ्याएवढा रुंद होता, आणि मी करंगळी वापरते.

४

बुधवारी मी रजा टाकली. सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये कोणी नसतं. एक जुनं प्रॅक्टिकल जर्नल घेतलं, त्यात रकाने आखले. प्रश्न, लागलेला वेळ, निरीक्षण, निष्कर्ष. ग्लिसरीनची बाटली मुद्दाम वर घरी ठेवली. शिळा सुती फडक्याने कोरडी केली. दोन्ही पाकळ्यांना साधं पाणी.

पहिला प्रश्न मनातल्या मनात विचारला. आज पाण्याचा टँकर येईल का?

चार मिनिटांत उजवी पडली. डावी काढायला गेले तर निघेना. मी अजून तिच्याशी खटपट करत होते तोवर गेटवर टँकरचा हॉर्न वाजला. तो दुपारी तीनशिवाय कधी येत नाही.

दुसरा प्रश्न, लिफ्ट बंद पडेल का? उजवी. वर कुठेतरी धप्प आवाज झाला आणि पाचव्या मजल्यावरच्या काकू आतून हाका मारायला लागल्या.

हे मात्र मला आवडलं नाही. माझा कौल खरा व्हायचा, कारण घरातले तो पाळायचे. लिफ्टला कोणी सांगितलं होतं?

असे सात प्रश्न झाले. निष्कर्षाचा रकाना कोरा. आठव्या वेळी मी काहीच विचारायचं नाही असं ठरवलं. पाकळ्या लावल्या आणि नुसती बसले. मीटर रूममधून बारीक घूं असा आवाज येत होता. एक्सप्रेसवेचा आवाज त्याच्या मागे. मी पुढे वाकले, चष्मा नाकावर ढकलला.

डाव्या पाकळीच्या कडेने ओल पसरत होती. वरून खाली ओघळत नव्हती. शेंदरात आतूनच एक गोल गडद होत चालला होता. कागदाच्या मागच्या बाजूला कोणी ओलं बोट टेकवलं की पुढून दिसतं, तसं.

मी तडक प्लंबरला, प्रितेशला, फोन केला. तो आला, दगडाभोवती ठोकून बघितलं, चप्पल काढून पुन्हा ठोकलं.

"मॅडम, इथून पाण्याची लाइन जातच नाही. फक्त केबल जाते."

"मग ओल कुठून येते?"

त्याने डोकं खाजवलं. "भक्ती असेल."

त्याने व्हिजिटचे पैसे मात्र घेतले.

५

गुरुवारी संध्याकाळी मी पालेभाजी निवडत होते. दिपिका समोर येऊन बसली आणि माझ्या जुडीतली मेथी निवडायला लागली. ती मदत करते तेव्हा काहीतरी मागायचं असतं.

"मम्मी, उद्या काय देणारेस?"

"मी कोण देणारी? देवी देईल ते."

"तू ग्लिसरीन लावतेस हे मला दहावीपासून माहितीये."

"टाचांना लावते मी."

"देवळात नेऊन?"

मी मेथीच्या मुळांची माती झटकली. "मग एवढी वर्षं बोलली नाहीस ते?"

"कशाला बोलू? सायन्स दिलंस, हॉस्टेल दिलंस. केस कापायला उजवा दिलास."

"तो आपोआप पडला होता."

ती हसली, मीही हसले. मग ती थांबली. "मम्मी, उद्या डावा पडला तर मी कोणाला सांगणार नाही. आजीला नाही, पप्पांना नाही. मी जाणार नाही, इथेच राहीन. पण मला माहिती असेल."

मी पुढची काडी उचलली. ती पानं आणि देठं वेगळी न करता सगळंच टोपलीत टाकत होती. मी टोपली माझ्याकडे ओढून घेतली.

"ते तुझे मशीनवाले," मी म्हटलं, "त्यांना आपण दिसतो का गं?"

"लक्ष गेलं तर. तू मुंग्यांकडे बघतेस का?"

"साखरेत असल्या तर बघते."

"मग तसंच," ती म्हणाली.

रात्री अंथरुणावर मी दोन्ही बाजूंनी विचार केला. पोरीचं आयुष्य आहे, उजवा. लांब आहे, थंडी आहे, डावा. मी एकटी पडेन, डावा. हे कारण धरायचं नाही असं ठरवलं, तरी डावा. ओलीचं म्हणाल तर तिला काहीतरी शास्त्रीय कारण असणारच. सिमेंट असतं, क्षार असतात. आणि देवीच असेल तर अठरा वर्षं तिने माझं चालवून घेतलं, अजून एक दिवस घेईल.

६

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता. मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर सासूबाई, खाली चटईवर भरत आणि दिपिका. मी आत.

ग्लिसरीन या वेळी थेंबभर लावलं नाही. उजव्या पाकळीखाली चांगलं थापलं. वर कडेने कॉलेजातून आणलेला डिंकही फिरवला. लाज वाटत होती, पण हात स्थिर होता. डावीला नावापुरतं पाणी.

सासूबाईंनी मागून विचारलं, "माये, पोरीला लांब जायचा हाय. जाव देव का नको? तुज्या मनात काय हाय ते सांग."

दहा मिनिटं झाली. मीटर रूमचा आवाज चालू होता. आणि मग तो बंद झाला. लाइट गेले नव्हते, पार्किंगमधली ट्यूब चालू होती. फक्त आवाज थांबला, कोणीतरी कान देऊन ऐकताना श्वास धरावा तसा.

उजव्या पाकळीची खालची कड वर उचलली गेली.

वाऱ्याने कड कशी उडते ते मला माहिती आहे. ही तशी उडली नाही. आधी एक कोपरा सुटला, मग बाजूने सावकाश, नखाने सोडवत न्यावी तशी पूर्ण कड. डिंकाची तार ताणली गेली आणि तुटली. खालचं ग्लिसरीन चकाकत होतं, ते डावीकडून उजवीकडे एका फटक्यात पुसलं गेलं. पुसताना एक छोटी गिरकी होती, शेवटी. तीही मला ओळखीची होती. मीच तशी पुसते.

आणि त्या पुसलेल्या जागी शेंदूर तेल लागलेल्या कागदासारखा झाला, पलीकडचं दिसेल न दिसेलसा. मी बघायला नको होतं. मी चष्मा वर केला.

हात होता. बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या. कातडी सैल, सुरकुतलेली. अंगठा ओला. मनगट आत वळवलेलं. माझ्यापासून लपवायला नव्हे, मी तर समोरच होते. तो हात आपल्या पाठीमागच्यांपासून लपवत होता. हाताच्या मागे अंधूक, खूप मागे, बसलेल्या माणसांचे आकार होते. त्यातलं कोणीतरी खाकरलं. किती वेळ लागतोय, असं विचारणारं खाकरणं.

एका क्षणाने माझ्या मागे सासूबाई खाकरल्या. तशाच.

पाकळी वाटीत पडली. मीटर रूमचा आवाज सुरू झाला. मी हात लावून बघितला, दगड दगडासारखा होता.

मी वाटी बाहेर आणली. "उजवा," मी म्हटलं.

दिपिका माझ्या पाया पडली. ती कधी पडत नाही. वर उठताना माझ्या कानाशी म्हणाली, "थँक यू, मम्मी. मला माहिती होतं."

हे थँक यू माझं नव्हे, एवढं मी सांगू शकले असते. मी ते ठेवून घेतलं.

७

भरत आणि दिपिका वर गेले. सासूबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. मी त्यांना हात द्यायला गेले तर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बगलास ना?"

"काय आई?"

"मी गुलाचा पाक लावायचे," त्या म्हणाल्या. "मुंग्या यायच्या, लई तरास." मग त्यांनी काठी टेकली, अर्ध्या उठल्या आणि थांबल्या. "माज्या येलेला त्यो हात तरना होता. हिरव्या बांगड्या होत्या."

"कोणाचा हात आई?"

"मना काय ठावं? आपन कवा मागं वलून बोललो का कुनाला, की मी कोन ते?" त्या लिफ्टकडे निघाल्या. "दुपारी कालवनात सुक्या वाकट्या टाक."

ऑगस्टच्या शेवटी दिपिका गेली. सात सीटरमधून आम्ही तिघं तिला विमानतळावर सोडून आलो आणि येताना तिघंच होतो, चार सीट रिकाम्या. ती रोज फोन करते. तिकडे दिवस लहान होत चाललाय म्हणते, जेवण बेचव आहे म्हणते, आणि आनंदात आहे. आनंदात असल्याचं आवाजावरून कळतं, ते ती बोलत नाही.

मागच्या मंगळवारी मी एकटीच खाली गेले. बाटली नाही, डिंक नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा खरंच काहीतरी विचारायचं होतं. दोन पाकळ्या साध्या पाण्याने लावल्या आणि मोठ्याने विचारलं, बाजूला गाडी पुसणारा माणूस होता तरी. "दिपिका परत येईल का?"

अर्धा तास झाला. तास झाला. एकही पडली नाही. मी वाकून बघितलं. दोन्ही पाकळ्यांच्या खाली चकाकत होतं, दोन्हीकडे सारखंच, भरपूर, कडेने ओघळेल इतकं. कोणाला तरी उत्तर माहिती होतं आणि ते मला कळू द्यायचं नव्हतं. मी त्या हातवालीच्या जागी असते तर हेच केलं असतं. कोणत्या उत्तरासाठी केलं असतं, तेही मला माहिती आहे. म्हणून झोप लागत नाही.

आज नववा दिवस. पाकळ्या तशाच आहेत, ताज्या. सोसायटीत बातमी पसरलीये. पाचव्या मजल्यावरच्या काकू रोज नारळ ठेवतात, आणि समोरच्या गाडीवाल्याने आपणहून जागा मोकळी करून दिलीये. भरतने दोनदा हात जोडून विचारलं, पाकळ्या कशाने टिकल्या. मी म्हटलं, भक्ती असेल.

मी सकाळ-संध्याकाळ दिवा लावायला जाते. काही विचारत नाही. दिवा लावते, हात जोडते आणि शिळेवरची नजर न काढता उलट्या पावलांनी बाहेर येते, तेरा नंबरच्या खांबापर्यंत. तिकडे पाठ करायची माझी हिंमत होत नाही.

भरत जिन्यातून बघत असतो. काल सासूबाईंना सांगत होता, हल्ली माधुरीची श्रद्धा बघ, देवीला पाठसुद्धा दाखवत नाही.